माळ्यावरचं घोरणं

फोन मुख्याध्यापकांचा होता. आवाज दबका. "सर, बंद शाळेत रात्रीचं कुणीतरी घोरतंय."

मी म्हटलं, "एक जण घोरतोय की बरेच?"

"बरेच. आळीपाळीनं."

तिथंच मला अंदाज आला. वाळवा तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की उघड्या पडलेल्या रानातले उंदीर सैरावैरा होतात, आणि त्या हंगामात गव्हाणी घुबडाची पिल्लं कुठल्या ना कुठल्या माळ्यावर घोरत असतातच. हे घुबड घुमत नाही. मोठं घुबड किंचाळतं आणि पिल्लं भूक लागली की घशातून फुस्स-खर्र असा आवाज काढतात. अंधारात ऐकला तर चार म्हातारी माणसं शेजारी झोपलीत असं वाटतं. गुरुजींना मात्र घाई होती. २६ जानेवारीच्या आत शाळेला रंग द्यायचा होता, माळा झाडायचा होता, आणि वर जायला कुणी गडी तयार नव्हता.

आमच्या निसर्ग मंडळात पगारी माणूस एकच, तो मी. बाकी सगळे हौशी: दोन प्राथमिक शिक्षक, एक औषधदुकानदार, एक निवृत्त कंडक्टर, ज्यांना साप आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतात. कचेरी म्हणजे सायकलच्या दुकानामागची खोली. पाहुणे आले की ओशाळायला होतं, पण मग मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगतो. १८८३ साली आठ जणांनी तिथं नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. पुढच्याच वर्षी तिचं बिऱ्हाड फोर्ब्स स्ट्रीटवर फिप्सनसाहेबांच्या वाइनच्या दुकानात हललं. आपण काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं आणि नमुने दाखवायचे, एवढ्यावर सुरुवात झाली होती. आमचाही उद्योग तोच. आमचे नमुने रद्दीच्या पुड्यांत असतात आणि वास जरा जास्त येतो, इतकंच.

तर सकाळी दहाला शाळेत पोचलो. कौलारू, जुनी, दगडी जोत्याची शाळा. आढ्याखालच्या माळ्याला एक झरोका, त्याला आडवी फळी, आणि फळीच्या कडेला वीतभर फट. फटीखालची भिंत पांढऱ्या शिटानं माखलेली. शिडी लावली, फटीतून टॉर्च मारला. पिल्लं सहा, आणि सहाही वेगवेगळ्या मापाची. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं एकेक अंडं घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे थोरलं पिसं धरायला लागलेलं असतं तेव्हा धाकटं अजून पांढऱ्या कापसाचा बोळा असतं. सगळ्यांचे चेहरे पत्त्यातल्या बदामासारखे. मला बघून सहाही जण एका तालात डुलायला लागले.

इथं मी चूक केली. कबूल करतो, कारण मंडळाच्या अहवालात ती कुठं आलेली नाही. पाहणी झाली होती, खाली उतरून गुरुजींना समजावलं असतं तरी काम झालं असतं. पण मला फोटो हवा होता. फटीतून तो नीट येईना, म्हणून मी फळीचा एक खिळा उपसला आणि फळी बाजूला केली. कोपऱ्यात मोठं घुबड बसलंय हे माझ्या ध्यानातच नव्हतं. उजेड आत शिरला तसं ते माझ्या कानाजवळून बाहेर पडलं. गालाला वारा लागला, आवाज शून्य. या पक्ष्याच्या पंखाची कड फणीसारखी दातेरी असते, हवा चिरल्याचा आवाजच होत नाही. हे मी शंभर व्याख्यानांत सांगितलंय. त्या दिवशी गालावर कळलं.

सकाळचे साडेदहा आणि घुबड उघड्यावर. चिंचेवरचा पहिला कावळा ओरडला आणि दोन मिनिटांत तीसेक जमले. झोडपत झोडपत त्यांनी ते शौचालयाच्या भिंतीमागं पाडलं. मधली सुट्टी नसूनही अख्खी शाळा बाहेर, रस्त्यावरची माणसंही आत आली. एका पोरग्यानं दगड उचलला. कावळ्यांसाठी का घुबडासाठी, देव जाणे. तेवढ्यात कुंपणाबाहेरून एक आजी कडाडल्या:

"टाक तो धोंडा! घुबडानं धोंडा उचलला तर नदीला नेऊन घाशील. धोंडा झिजल तसा तू झिजशील!"

पोरग्यानं दगड असा टाकला, जणू हाताला चटका बसला.

मी घुबडावर जर्किन टाकलं, पायाची नखं सांभाळत उचललं आणि पोषण आहाराच्या तेलाच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. डोळे शाबूत, पंख शाबूत, डोक्यावरची थोडी पिसं गेलेली. खोक्याला भोकं पाडून ते ऑफिसातल्या अंधाऱ्या कपाटात ठेवलं, फळी परत ठोकली, वनरक्षकांना फोन केला. ते म्हणाले, अंधार पडला की तिथंच सोडा, मीही येतो. म्हणजे आता संध्याकाळपर्यंत थांबणं आलं, आणि समोर सव्वाशे पोरं, जी आज अभ्यासाला काही बसणार नव्हती.

झरोक्याखाली जमिनीवर काळपट गोळे पडले होते, अंगठ्याएवढे. पोरांना ती लेंडी वाटत होती. घुबड उंदीर अख्खाच गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पोटात गोळा होतात आणि तोंडावाटे बाहेर पडतात. सातवीच्या वर्गाला हातमोजे दिले, गोळे जंतुनाशकाच्या कोमट पाण्यात भिजवले आणि वर्तमानपत्रावर दातकोरणीनं सोडवायला लावले. आधी नाकं मुरडली. मग एका मुलीला करड्या केसांच्या लगद्यात नखाएवढी कवटी सापडली, दात नारिंगी पिवळे. "ह्यो उंदीर," मी म्हटलं. शेजारच्याला लांबट कवटी मिळाली, दात पांढरे, बारीक, टोकदार, ओळीनं. ती चिचुंद्री. त्यानंतर माझं काम संपलं. पोरं आपापसात भांडायला लागली, कुणाची कवटी कसली म्हणून. फळ्यावर रकाने पडले. तेवीस गोळ्यांतून बावन्न कवट्या निघाल्या: एक्केचाळीस उंदीर, नऊ चिचुंद्र्या, दोन पाखरं. पाखरांपाशी वर्ग गप्प झाला. "चिमणी पण खातंय व्हय?" एकानं विचारलं. खातंय, म्हटलं. खोटं कशाला सांगू.

दारात उभे राहून बघणारे ऊसवाले शेतकरी फळ्यापुढं आले. एकानं बोटं मोडून हिशोब केला, "म्हंजे आमच्या ह्या सहा पोरांना..." 'आमच्या' म्हणाला तो. मी काही बोललो नाही. वर्षभर आम्ही गावोगाव पडद्यावर चित्रं दाखवत हिंडतो, शेवटी टाळ्या पडतात, चहा होतो. एक कवटी हातात देण्यानं जे होतं ते त्या चित्रांनी होत नाही, आणि मंडळाच्या बैठकीत मी हे बोललो की प्रोजेक्टर घेऊन दिलेल्या सदस्यांना राग येतो.

हातमोजे गोळा करताना नारिंगी दातवाल्या मुलीनं विचारलं, "सर, धोंडा मारला तर माणूस खरंच झिजतो का?"

आजी व्हरांड्यात पायरीवर बसून होत्या. माझी पंचाईत. ज्या समजुतीनं तासाभरापूर्वी दगड खाली पडला, तीच आता खोडायची होती. आमच्या मंडळात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, अंधश्रद्धेनं पक्षी वाचत असेल तर वाचू दे. दुसऱ्याचं म्हणणं, आज भीतीनं वाचवाल, उद्या त्याच भीतीनं मारतील. मी दुसऱ्या तटाचा, पण आजींसमोर बसून नव्हे.

"नाही झिजत बाळा," मी म्हटलं. "सहा पोरं पोसायची असताना घुबडाला नदीवर जाऊन धोंडा घासायला वेळ कुठाय?"

पोरं हसली. आजी हसल्या नाहीत. "मग मारायचा म्हणतोस काय धोंडा?"

"नाही आजी. मारायचा नाहीच."

"मग झालं की," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

सातला सरपंचांनी वायरमनला सांगून शाळेसमोरचा दिवा बंद करवला. मैदानात शंभरभर माणसं बसलेली, मोबाइल खिशात. वनरक्षक आले, खोकं उघडलं. घुबड क्षणभर कडेवर बसलं आणि उडालं. माळ्याकडे गेलंच नाही, सरळ ओढ्यापलीकडच्या रानात. कुणी काही बोललं नाही. वरून घोरणं सुरू झालं होतं, सहा भुकेल्या गळ्यांचं. पाऊण तास गेला. मला आठवत होती ती फक्त ती फळी.

मग एक पांढरी सावली कौलांवरून आली, फटीत शिरली, आणि घोरण्याचा एकदम कल्लोळ झाला. पायात उंदीर होता, असं पुढं बसलेली सगळी पोरं शपथेवर सांगत होती. मला दिसला नाही. हेच ते घुबड की त्याचा जोडीदार, तेही सांगता येणार नाही.

२६ जानेवारीला शाळा नव्या रंगात उभी राहिली, झरोक्याभोवतीचा त्रिकोण तेवढा जुनाच राहिला. रंगारी कुरकुरला, असं ऐकलं. मार्चच्या मध्यावर गुरुजींचा फोन आला, "सर, घोरणं थांबलं. आता रंगाऱ्याला पाठवू का, का पुन्हा येतील ती?"

"पाठवा," मी म्हटलं. "फक्त फट बुजवू नका म्हणावं त्याला."