डॅन्यूबच्या काठानं, जुलै २०२०

युरोपातल्या माझ्या ओळखीच्या लोकांना सरहद्द म्हणजे काय हे २०२० साली पहिल्यांदा कळलं. भारतीय पासपोर्टवाल्यांना ते शिकवायला साथ यावी लागत नाही.

ऑफिसातली माझी मैत्रीण मूळची जर्मनीतल्या पासाउची. तिची आत्या इन नदीच्या पलीकडे, शेर्डिंगला राहते. पलीकडे म्हणजे ऑस्ट्रियात, पण हे तिनं कधी लक्षातही घेतलं नव्हतं. मार्चमध्ये सीमा बंद झाली आणि दोन महिने तिला आत्याकडे जाता येईना. व्हिडिओ कॉलवर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "अगं, मधे फक्त एक पूल आहे!" मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण मनात दुसरंही काहीतरी आलं आणि ते मी बोलले नाही. आमच्यात असे पूल पुष्कळ असतात.

माझंही त्या उन्हाळ्यात पुण्याला जायचं राहिलं. भारतानं मार्चमध्येच आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली होती, अडकलेल्या भारतीयांना घरी नेणारी 'वंदे भारत' मोहिमेची विमानं होती पण परत यायचं कसं हा प्रश्न होताच. रजा मात्र शिल्लक होती. १५ जूनला जर्मनीनं ऑस्ट्रियाची सीमा मोकळी केली आणि आम्ही दोघींनी ठरवलं, पासाउ ते व्हिएन्ना सायकलनं जायचं. सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. युरोपातला हा सगळ्यात लाडका सायकलमार्ग असावा. एरवी जुलैत इथे आजीआजोबांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्यांची रांग लागलेली असते. सगळे पश्चिमेकडून पूर्वेकडेच जातात, कारण वारा बहुधा पाठीशी असतो आणि नदीही तिकडेच वाहते.

फोनवर बाबांचा पहिला प्रश्न, "चढ किती आहे?"

"चढ नाहीच बाबा. सगळा मिळून जेमतेम दीडशे मीटर उतार."

"मग तुझं कसलं कौतुक? कात्रजचा घाट चढून दाखव."

बाबा नोकरीची सगळी वर्षं धनकवडीहून खडकीला सायकलनं गेले. त्यांच्यापुढे गिअरची सायकल हा विषयच काढायचा नसतो.

म्युनिकहून पासाउपर्यंत रेल्वेनं, सायकली डब्यात बांधून, तोंडाला कापडी मास्क. पासाउला तीन नद्या मिळतात: डॅन्यूब, इन आणि इल्झ. इल्झचं पाणी काळसर, इनचं फिकट हिरवं, आणि संगमानंतर बराच वेळ ते एकमेकांत मिसळायला तयार नसतात. टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत. २०१३ ची रेघ बघायला मान वर करावी लागते. धक्क्यावर नदीतल्या मोठमोठ्या क्रूझ बोटी, बऱ्याच नुसत्या बांधून ठेवलेल्या. एरवी इथूनच हजारो लोक चढतात. मला तर ही शांतता आवडली, पण धक्क्याजवळच्या आइस्क्रीमवाल्याला ती आवडत नसणार हे त्याच्याकडे बघून कळत होतं.

उत्तर काठानं गेलं तर योखेनश्टाइनच्या जलविद्युत केंद्रापाशी ऑस्ट्रिया लागतो. एक पाटी, बाकी काही नाही. मैत्रीण पाटीखाली थांबून फोटो काढत बसली. आधी शेकडो वेळा ती या सीमेवरून अशीच गेली असेल. मी मात्र हँडलवरच्या पिशवीत पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं, आणि पिशवीची चेन लागलीय का हे पुन्हा बघितलं. कोणीही विचारलं नाही. सवय.

ऑस्ट्रियात शिरल्यावर कळलं की इथला विषाणू अर्धा मीटर कमी उडी मारतो. जर्मनीत अंतर दीड मीटर, ऑस्ट्रियात एकच. तेवढी जागा मधे ठेवा हे समजावण्यासाठी सरकारनं जाहिरातीत हत्तीचं पिल्लू आणलं होतं, आणि दुकानदारसुद्धा 'मधे पिल्लू उभं आहे' अशा थाटात हातवारे करायचे.

श्लोगेनला डॅन्यूब अक्षरशः उलटी फिरते. तिथे उत्तर काठाचा रस्ताच संपतो आणि सायकलीसकट छोट्या फेरीबोटीत चढावं लागतं. नावाडी दोन सायकलींमध्ये हत्ती मावेल एवढी जागा ठेवत होता, त्यामुळे एका खेपेला मोजकीच माणसं. पलीकडच्या काठावर लोक निवांत उभे. कोणी कुरकुर केली नाही. घाई असलेला माणूस या वाटेला येतच नाही.

खरी गंमत लिंझच्या आसपास सुरू झाली. ऑस्ट्रियानं जूनच्या मध्यात दुकानांतली मास्कसक्ती काढून टाकली होती. पण लिंझ परिसरात रुग्ण वाढले आणि अप्पर ऑस्ट्रिया प्रांतानं ९ जुलैपासून ती पुन्हा आणली. शेजारच्या लोअर ऑस्ट्रियात ती तेव्हा नव्हती. लिंझच्या पुढे एका टप्प्यात नदीचा उत्तर काठ एका प्रांतात आणि दक्षिण काठ दुसऱ्यात आहे. ग्रायनला आम्ही बेकरीत मास्क लावून पाव घेतला, होडीनं पलीकडे गेलो आणि तिथे दुकानात मास्क लावून शिरल्यावर बाई म्हणाल्या, "इकडे नाही लागत हो!" मी तरी लावूनच ठेवला. (वाटेत मौटहाउझेन लागतं. तिथल्या छळछावणीबद्दल या लेखात दोन ओळी टाकणं बरं दिसणार नाही, म्हणून वेगळं लिहीन.)

खोली देणाऱ्या घरमालकिणी फॉर्म भरून घेत. नाव, पत्ता, फोन. नागरिकत्वाच्या रकान्यात 'भारत' लिहिलं की हमखास प्रश्न यायचा, "तिकडून कधी आलात?" डिसेंबर २०१८, असं सांगितलं की चेहरा सैलावायचा. राग नाही आला. त्यांनाही भीती होती आणि खोल्याही भरायच्या होत्या. सकाळच्या नाश्त्याचं बुफे बंद; त्याऐवजी कागदी पिशवीवर खोलीचा नंबर, आत पाव, चीज, उकडलेलं अंडं. सायकलवाल्यांना हे उलट सोयीचं, उरलेलं सरळ सायकलला लावलेल्या पिशवीत.

मेल्कच्या मठापासून क्रेम्सपर्यंतच्या खोऱ्याला वाखाउ म्हणतात. द्राक्षाचे मळे डोंगराला चढत गेलेले, आणि जुलैत जर्दाळू. रस्त्याकडेला टेबल, त्यावर जर्दाळूच्या टोपल्या, शेजारी पैशाचा डबा, माणूस नाही. साथीच्या काळात याहून चांगली दुकानपद्धत शोधून सापडली नसती. अख्खा जर्दाळू आत घालून केलेला गरम क्न्योडेल खाल्ला. तो उकडीच्या मोदकाचा लांबचा भाऊ आहे, फक्त वरून भाजलेला पावचुरा. ड्युर्नश्टाइनला डोंगरावर पडका किल्ला आहे. धर्मयुद्धाहून परतणारा इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ मध्ये वेष बदलून ऑस्ट्रियातून जाताना पकडला गेला आणि त्याला इथे ठेवलं. मैत्रिणीला मी म्हटलं, बघ, ओळख लपवून सीमा ओलांडायला गेलं की राजालाही सोडत नाहीत.

त्याच किल्ल्याखाली बसून घरी फोन लावला. पुण्यात १४ ते २३ जुलै कडक लॉकडाउन लागला होता. पहिले दिवस दूध आणि औषधं सोडली तर सगळं बंद. आई म्हणाली, भाजी संपत आलीय, मटकी भिजत घातलीय. मी कॅमेरा फिरवून नदी दाखवली. मग वाटलं, काय हे दाखवतेय. पण आईच म्हणाली, "थांब, नीट दाखव, ते मागचं काय आहे?" आणि बाबांना हाक मारली. पुढे अर्धा तास मी फोन हातात धरून मळे, चर्च, होड्या, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांची सायकल असं सगळं दाखवत राहिले. बाबांना त्या सायकलची चेन सैल वाटली.

डॅन्यूबवर किलोमीटरच्या पाट्या उलट्या असतात, काळ्या समुद्रापासून वर मोजलेल्या. पासाउला २२२५ च्या आसपास, व्हिएन्नात १९२९. आकडा कमी होत जातो आणि उगीचच वाटतं की आता काय, समुद्रच येईल. म्हणून उरलेल्यातला एक तुकडा, ब्रातिस्लाव्हामार्गे बुडापेस्ट, आम्ही सप्टेंबरसाठी ठरवून टाकला. १ सप्टेंबरला हंगेरीनं परदेशी प्रवाशांसाठी सीमा बंद केली. मैत्रीण चिडली, "असं कसं करू शकतात? आपलं बुकिंग आहे!" मी तिला व्हिसाच्या रांगेतल्या माझ्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या. तिनं त्या पहिल्यांदाच नीट ऐकल्या.

बुडापेस्टऐवजी आम्ही म्युनिकहून इझार नदीच्या काठानं डेगेनडॉर्फला गेलो, जिथे ती डॅन्यूबला मिळते. तिथल्या रेस्टॉरंटातही नाव-पत्त्याचा फॉर्म भरायचा होता. पेन आपापलं आणा, अशी पाटी होती.