पंधरा इंची भोकाखाली पेव

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात, गावठाणाच्या अगदी कडेला, जुनं मातीचं घर पाडून नवं बांधायचं होतं. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती. पंधरा-वीस फूट गेलं तरी मुरमाचा पत्ता नाही. उन्हाळ्यात भेगांमध्ये कोपरापर्यंत हात जातो आणि दोन चांगले पाऊस झाले की तीच माती फुगून घर उचलते. पावसाळ्यात दार अडकलं की लोक सुताराला बोलावतात. तो बिचारा रंधा मारून जातो, दिवाळीनंतर त्याच दारात बोटभर फट दिसते.

म्हणून इथे साधे फुटिंग, म्हणजे उथळ पाया, न घेता अंडर-रीम्ड पाइल घेतात, म्हणजे तळाशी फुगवलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घालतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ही पद्धत आपल्याकडे रुळवली. सरळ भोक घ्यायचं, तळाशी पात्यांचं अवजार उघडून ते फुगवायचं आणि सळईसकट काँक्रीटनं भरायचं. साधारण साडेतीन मीटरच्या खाली ऋतुमानानं माती फारशी हलत नाही. तिथे हा फुगा रुतून बसला की वरची माती कितीही फुगो, पाइल जागचा हलत नाही. आमचे पाइल 375 मिलिमीटरचे, म्हणजे पंधरा इंची, आणि बल्ब, म्हणजे तळाचा फुगा, त्याच्या अडीच पट. खोली चार मीटर.

मेचा शेवटचा आठवडा होता. तिपाई उभी करून चार पोरं ऑगर, म्हणजे भोक घेणारं मोठं गिरमिट, फिरवत होती. आदल्या दिवशीचे पाइल भरून झाले होते, त्या दिवशीचं तिसरं भोक चालू होतं. वरची पांढरी माती, तिच्यात राख नि खापराचे तुकडे, मग काळी. सहा फुटांवर ऑगर एकदम हलकं झालं आणि दांड्यासकट खाली गेलं. विंचचा दोर ताणला म्हणून अवजार वाचलं, पण दांड्यावर वाकलेल्या पोराच्या हनुवटीला चांगलाच मार बसला.

“साहेब, खाली पोकय आहे,” मिस्त्री म्हणाला.

ऑगर वर काढलं तशी भोकातून कुबट, आंबूस वास आला. जुनी विहीर असेल असं मला वाटलं. विहीर असती तर काम तिथेच थांबलं असतं. तेवढ्यात मालकाची आजी काठी टेकत आली. “इहीर नाही बापू, आमच्या आजेसासऱ्याचं पेव हाय ते. जवारी भरत त्याच्यात. तोंडावर शिळा होती.”

तोंड बहुधा पाडलेल्या भिंतीखाली गेलं होतं. आम्ही बाजूनं पेवाच्या खांद्यातून आत शिरलो होतो.

हनुवटीवर फडकं बांधलेला तोच पोरगा म्हणाला, दोर बांधा, मी उतरून पाहतो. अंगानं काटकुळा, पंधरा इंचांतून सहज गेला असता. मी त्याला तिपाईपासून लांब बसवलं. बंद पेवात उतरून माणसं दगावल्याच्या गोष्टी वऱ्हाडात म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात आणि त्या खऱ्या आहेत. दाणे आणि कडबा कुजताना प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. मिस्त्रीनं डब्यात मेणबत्ती लावून सुतळीनं खाली सोडली. आठ-नऊ फुटांवर ती विझली. न विझती तरी मी कुणाला उतरू देणार नव्हतो. मेणबत्ती सगळे वायू ओळखत नाही.

मग मालकाच्या मुलानं मोबाइलचा टॉर्च लावला, व्हिडिओ सुरू केला आणि फोन सुतळीला बांधून खाली सोडला. वर आल्यावर सगळे त्या फोनवर वाकले. पेवाच्या भिंती भाजलेल्या विटेसारख्या तांबूस-काळ्या. वापरण्याआधी आत काड्याकुड्या पेटवून भिंत पक्की करत, तिची ती खूण. वर अरुंद, खाली फुगत गेलेलं, तळाशी ढासळलेल्या मातीचा ढीग. आम्ही पात्यांनी करतो तोच आकार कुणीतरी कुदळीनं केला होता, आणि आत बसून! मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

तोवर गावात बातमी गेली होती की हंडा सापडला. अर्ध्या तासात वीस-पंचवीस माणसं भोकाभोवती. पातळ छतावर एवढी गर्दी म्हणजे पुढच्या अपघाताची तयारीच. दोरी बांधली, मालकालाच राखणीला उभं केलं, आणि तो व्हिडिओ पाहून लोक हिरमुसून पांगले.

सळईला बिजागरीसारखी दुसरी सळई अडकवून पेवाचं पोट मोजलं तर साडेसात फुटांच्या आसपास भरलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन केला. त्यांनी तो पाइल रद्द करून पोटाच्या दोन्ही बाजूंना, पुरेसं अंतर सोडून, दोन पाइल घ्यायला सांगितलं. त्यांना वरून जोडणारी मधली बीम जास्त खोलीची, सळईही वाढवलेली. पेव मोकळं ठेवायचं नव्हतं आणि भोकातून मुरूम टाकून तो दाबणार कसा? म्हणून पारसच्या वीज केंद्रातली राख आणि थोडं सिमेंट पातळ कालवून ओतायचं ठरलं. ते काम दोन दिवसांनी केलं. त्याला गावच्या विहिरीचं पाणी चाललं, कारण आत सळई नव्हती. पाइलला मात्र टँकरच. हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, इथलं पाणी काँक्रीटमध्ये गेलं तर सळई गंजायला वेळ लागत नाही.

आधीची दोन भोकं तयार होती आणि ती रात्रभर उघडी ठेवण्यात अर्थ नसतो, कडा ढासळतात. सळयांचे पिंजरे सोडले, सळई मातीला टेकू नये म्हणून लावलेले कव्हर ब्लॉक तपासले, नरसाळ्यातून माल टाकला. मी सिमेंटच्या बॅगा मोजत उभा असतो याची नव्या पोरांना गंमत वाटते. सरळ भोकाला सव्वातीन बॅगांचा माल लागतो, बल्बसकट सव्वाचारच्या आसपास. साडेतीनमध्ये भोक भरलं तर खाली पाती नीट उघडलीच नाहीत असं समजायचं. त्या दिवशी दोन्ही भोकांनी आपला माल पुरा घेतला.

बीमच्या वेळी मालकाशी वाद झाला. बीम आणि जमीन यांत 80 मिलिमीटरची पोकळी ठेवावी लागते, नाहीतर फुगणारी माती बीमलाच खालून ढकलते. त्याला ती फट भरून हवी होती, साप शिरतील म्हणून. बाहेरून विटेचा एक थर, बीमला न चिकटवता, यावर तडजोड झाली. दोन पाइल, जाड बीम आणि राखेच्या ट्रकचा हिशेब दिला तेव्हा त्यानं कागद दोनदा वाचला आणि वरच्या मजल्याची बाल्कनी नकाशातून काढून टाकायला सांगितली.