तुम्ही विचारलंत म्हणून: रेटिंग एवढंच, तर कुवतही एवढीच का?

"पोराचं रेटिंग सोळाशेच्या पुढे सरकत नाही. त्याची झेपच तेवढी का?" बुद्धिबळ शिकवतो म्हटल्यावर पालक हे हमखास विचारतात. स्पर्धेच्या हॉलबाहेर उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

रेटिंग म्हणजे स्पर्धांमधल्या निकालांवरून खेळाडूला मिळणारा ताकदीचा आकडा. त्याचं गणित प्रामाणिक आहे, असंच मी मानतो. अर्पाड एलो हे अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, 1970 साली स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षित गुण काढायचे, एवढाच तिचा गाभा. फरक 200 चा असेल तर वरच्याने शंभर डावांत 76 गुण मिळवावेत (जिंकला तर एक, बरोबरीला अर्धा). जास्त मिळवले तर रेटिंग चढतं, कमी पडले तर उतरतं. इथे वशिला चालत नाही, आणि या गोष्टीचं मोल मला फार वाटतं.

पण हे गणित निकाल मोजतं, तेही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्याच तुलनेत. अमेरिकेत क्लॉड ब्लडगुड नावाचा कैदी होता. तुरुंगातल्याच लोकांशी डावांमागून डाव खेळून 1996 साली त्याचं अमेरिकी रेटिंग 2702 वर गेलं. त्या देशातल्या यादीत तो दुसरा! सूत्रात चूक काहीच नव्हती, पण तो ज्यांच्यात खेळत होता ते वर्तुळच बंद होतं.

आपल्याकडे उलटं होतं. मुलं घरी ऑनलाइन खेळून, कोडी सोडवून भराभर वाढतात, पण रेटिंगच्या स्पर्धा वाट्याला येतात मोजक्याच. मग 1500 चा मुलगा 1900 च्या माणसाला हरवतो. एका निकालाने रेटिंग किती हलेल ते के-गुणांक ठरवतो. अठराच्या आतल्या या मुलाचा के-गुणांक 40, म्हणून त्याचं रेटिंग 36.8 ने वाढतं. समोरच्याचा 20, त्याचं 18.4 ने उतरतं. तो माणूस वाईट खेळलेला नसतो, मुलाचा आकडा जुना असतो. मुलांचा गुणांक मोठा ठेवलाय तो यासाठीच, पण स्पर्धाच खेळली नाही तर त्याचा उपयोग काय? एन्ट्री फी, प्रवास, राहणं, सोबत येणाऱ्याची रजा हे सगळं ज्या घराला जमत नाही, त्या घरातल्या मुलाचं रेटिंग वर्षानुवर्षं मागे राहतं. मला खरा अन्याय दिसतो तो इथे.

1 मार्च 2024 ला फिडेने दोन हजारांखालची रेटिंग्ज एका फटक्यात वाढवली. 1400 चा खेळाडू एकही चाल न खेळता 1640 झाला. खालचे आकडे खऱ्या खेळापेक्षा मागे पडलेत, ही त्या निर्णयामागची कबुलीच होती.

शिवाय एकाच आकड्यात दोन वेगळे खेळाडू मावतात. सोळाशेचा एक मुलगा ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा चाली घडाघडा खेळतो आणि हत्ती-प्याद्याच्या एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, जिंकलेला डाव बरोबरीत सोडतो. दुसऱ्याचा एंडगेम पक्का, पण विसाव्या चालीलाच त्याच्या घड्याळात पाच मिनिटं उरलेली असतात. दोघांना एकच शिकवणी देऊन चालणार नाही, आणि हा फरक रेटिंग सांगत नाही.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं उदाहरण ताजं आहे. 2025 च्या महिला विश्वचषकाला बातुमीत ती उतरली तेव्हा मानांकनात पंधरावी होती. तिने चीनच्या झू जिनेरला हरवलं, चीनच्याच तान झोंगयीला हरवलं, अंतिम फेरीत टायब्रेकवर कोनेरू हंपीला हरवलं, आणि थेट ग्रँडमास्टर झाली. त्या पंधराव्या क्रमांकावरून हे कुणाला सांगता आलं असतं?

म्हणून मुलाला घेऊन याल तेव्हा रेटिंग मला नंतर सांगा. आधी त्याने हरलेल्या डावांच्या स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेले कागद, आणा, जमलं तर प्रत्येक चालीला किती वेळ लागला तेही त्यावर लिहिलेलं असू द्या. पटावर ते डाव पुन्हा मांडू, आणि तो कुठे अडतोय ते त्याच्या शेजारी बसून बघू.