अँटिजेन: ओळख आणि प्रतिसाद

करोनाच्या साथीपासून अँटिजेन हा शब्द सर्वांच्या परिचयाचा झाला असला, तरी बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ ‘विषाणू’ किंवा ‘रोगजंतू’ असाच रुजलेला दिसतो, आणि त्यामुळे तपासणीचे अहवाल वाचताना हमखास गफलत होते. हिपॅटायटिस-बीचेच पाहा. या विषाणूच्या पृष्ठभागावरचे अँटिजेन रक्तात सापडले, तर सहसा विषाणू त्या वेळी शरीरात आहे असा अर्थ होतो. उलट, त्याच अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी, म्हणजे शरीराने बनवलेले प्रतिकारक प्रथिन, सापडली, तर लस लागू पडली आहे किंवा जुना संसर्ग बरा होऊन संरक्षण मिळाले आहे. दोन्ही ओळींपुढे ‘पॉझिटिव्ह’ हाच शब्द छापलेला असतो, पण एक चिंतेची बाब असते आणि दुसरी दिलाशाची.

‘ज्यामुळे शरीरात अँटिबॉडी तयार होतात तो पदार्थ म्हणजे अँटिजेन’ ही व्याख्या आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती सोपी आहे, पण माझ्या मते अपुरी आहे, कारण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. अँटिबॉडी किंवा प्रतिकार पेशींवरील रिसेप्टर (ओळख पटवणारा रेणू) ज्याला नेमकेपणाने चिकटू शकतो, तो रेणू अँटिजेन ठरतो. मात्र चिकटल्यानंतर प्रतिसाद उभा राहीलच असे नाही. ओळख पटणे वेगळे आणि त्यावर कृती होणे वेगळे.

ओळख पटवण्याची क्षमता किती सूक्ष्म असते, हे रक्तगटांवरून चांगले कळते. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असतात. ए आणि बी या गटांत मूळ साखळी सारखीच असते आणि फरक असतो तो केवळ टोकाच्या एका शर्करेचा: ए गटात एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसॅमाइन, तर बी गटात गॅलॅक्टोज. एवढ्याशा फरकामुळे चुकीच्या गटाचे रक्त जिवावर बेतू शकते. अँटिबॉडी संपूर्ण पेशीला किंवा संपूर्ण प्रथिनाला ओळखत नाही. ती त्यावरील एका लहानशा भागाला पकडते, ज्याला एपिटोप म्हणतात, आणि एकाच प्रथिनावर असे अनेक एपिटोप असू शकतात.

हे रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर (शोधनिबंध 1901, नोबेल 1930) यांनीच पुढे आणखी एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. काही लहान रासायनिक रेणू एकटे टोचले, तर अँटिबॉडी तयार होत नाहीत. तेच रेणू एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचले, की त्या लहान रेणूविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात, आणि एकदा तयार झाल्यावर त्या सुट्या रेणूलाही पकडतात. अशा रेणूंना हॅप्टेन म्हणतात. पेनिसिलिनची ॲलर्जी काहीशी अशीच घडते: औषधाचा रेणू शरीरातील प्रथिनांना जोडला जातो आणि त्या जोडगोळीविरुद्ध प्रतिसाद सुरू होतो.

मोठ्या प्रथिनाची गरज का भासते, याचे उत्तर टी पेशींमध्ये आहे. टी आणि बी या दोन प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी आहेत, आणि अँटिबॉडी बनवण्याचे काम बी पेशींच्या वंशाकडे असते. बी पेशी अँटिजेनला त्याच्या मूळ आकारात, जसे असेल तसे पकडतात. टी पेशींना मात्र अखंड प्रथिन दिसतच नाही. डेंड्रायटिक पेशी या पहारेकरी पेशी त्वचेत किंवा श्लेष्मल आवरणात अँटिजेन गिळतात, लसिका ग्रंथींपर्यंत नेतात आणि वाटेत त्याचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावरील एमएचसी या रेणूंवर मांडतात. हे तुकडे साधारण 8 ते 25 ॲमिनो आम्लांचे असतात. जुळणारा रिसेप्टर असलेली टी पेशी त्या तुकड्याला भेटली, की तिची संख्या झपाट्याने वाढते आणि त्यातल्या काही टी पेशी बी पेशींना साहाय्य करतात. हे साहाय्य मिळाल्याशिवाय अँटिबॉडींचा दर्जा सुधारत नाही आणि दीर्घकालीन स्मृतीही नीट तयार होत नाही.

या तत्त्वाचा सर्वांत सुंदर उपयोग मला हिब जिवाणूच्या लसीत दिसतो. लहान मुलांमध्ये मेंदूज्वर घडवणाऱ्या या जिवाणूभोवती बहुशर्करेचे कवच असते. केवळ या शर्करेपासून बनवलेली लस 1985 मध्ये अमेरिकेत आली, परंतु ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती त्या दीड-दोन वर्षांखालील बाळांत ती निष्प्रभ ठरली, कारण शर्करेचे तुकडे टी पेशींपुढे अशा रीतीने मांडता येत नाहीत. मग तीच शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडसारख्या (निर्धोक केलेल्या विषासारख्या) प्रथिनाला जोडण्यात आली. शर्करा ओळखणारी बी पेशी आता सोबत प्रथिनही गिळते, त्याचे तुकडे टी पेशीला दाखवते आणि हवे ते साहाय्य मिळवते. मदत प्रथिनाच्या निमित्ताने मिळते, अँटिबॉडी मात्र शर्करेविरुद्ध बनतात. (खरे तर ही बी पेशीची सरळसरळ दिशाभूल आहे, पण बाळाच्या हिताची.)

शुद्ध प्रथिन असूनही प्रतिसाद क्षीण राहू शकतो. संसर्गाच्या वेळी मिळणारे धोक्याचे संकेत त्यात नसतात. म्हणून अनेक लसींत ॲल्युमिनियमचे क्षार मिसळतात, ज्यांचा प्रतिसाद वाढवणारा परिणाम ब्रिटिश संशोधक अलेक्झांडर ग्लेनी यांनी 1926 मध्येच नोंदवला होता. आपल्या स्वतःच्या प्रथिनांनाही रिसेप्टर चिकटू शकतात. पण तसे रिसेप्टर असलेल्या बऱ्याच टी पेशी थायमस ग्रंथीतच नष्ट केल्या जातात आणि उरलेल्यांवर प्रतिसाद आवरणाऱ्या नियामक टी पेशींचा अंकुश असतो.

फ्लूच्या बाबतीत अडचण आणखी निराळी आहे. त्याच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन प्रथिनाचा शीर्षभाग सतत बदलतो, तर देठाचा भाग बराच स्थिर असतो. परंतु प्रतिकारयंत्रणेचा भर मुख्यतः शीर्षावरच राहतो आणि देठाविरुद्ध तुलनेने कमी अँटिबॉडी बनतात. परिणामी जागतिक आरोग्य संघटनेला उत्तर व दक्षिण गोलार्धांसाठी मिळून वर्षातून दोनदा लसीतील विषाणूप्रकारांची शिफारस करावी लागते, आणि दुसरीकडे, शीर्षभाग वगळून किंवा बदलून प्रतिसाद देठाकडे वळवणाऱ्या लसींवर संशोधन चालू आहे.