फर्लांग : आठ बैलांचा दम

शनिवारी दुपारी इथे इंग्लंडात टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती लागतात आणि समालोचक "आता दोन फर्लांग उरले" असं ओरडतो. आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द कायम असे. एसटीचा थांबा गावापासून तीन फर्लांग, विहीर अर्धा फर्लांग. इथे तो शर्यतीपुरताच उरलाय. ऑफिसात विचारलं तर निम्म्या लोकांना त्याची लांबी सांगता येईना, आणि एकजण म्हणाला की ही जुनी मापं म्हणजे कुणाच्या तरी लहरीचा खेळ. हे मला अजिबात पटलं नाही.

जुन्या इंग्रजीत 'फुर्ह' म्हणजे नांगराचं तास आणि 'लांग' म्हणजे लांब. एका दमात काढायचं तास म्हणजे फर्लांग, २२० यार्ड. मिडलँड्सची, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातली, चिकणमाती ओली झाली की फाळाला सोडत नाही. मध्ययुगात पुऱ्या औताला आठ बैल धरत. एवढं लांबलचक औत वळवणं म्हणजे खरी कसरत, त्यामुळे जितकं कमी वळावं लागेल तितकं बरं. म्हणून पट्टे लांब आणि अरुंद पडले. २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद पट्टा म्हणजे एक एकर, म्हणजे ढोबळमानाने दिवसभराची नांगरट.

याच भागातल्या नॉटिंगहॅमशायर-लेस्टरशायर परगण्यांच्या कुरणांत संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की गवताखालचे ते जुने वरंबे उठून दिसतात. ते सरळ नाहीत. टोकाला वळण घ्यायचं म्हणून बैल आधीच एका बाजूला झुकवत, त्यामुळे सगळा पट्टा उलट्या 'एस'सारखा वाकलेला. कित्येक शतकं तिथे नांगर फिरलेला नाही, तरी बैलांची वाट अजून स्पष्ट दिसते. मी कुंपणापाशी बराच वेळ उभा राहून पाहत होतो.

हा शब्द किती भक्कम होता बघा. १५९३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने मैल ठरवला तो आठ फर्लांगांचा, म्हणून ५२८० फूट. जमिनीचे व्यवहार फर्लांग-एकरात बांधलेले होते, तेव्हा फर्लांग जागचा हलला नाही, मैलच त्याच्या मापाने बसवला. यात लहर कुठे आली?

फर्लांगाचा दहावा भाग म्हणजे २२ यार्ड, म्हणजे एक चेन. क्रिकेटची खेळपट्टी नेमकी तेवढीच! आणि अर्धी चेन, म्हणजे ३३ फूट, लांबी-रुंदीला धरली की होतो आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर बरोबर जुळतो तो यामुळेच. आपल्या सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर लिहितात, पण जमिनीचा सौदा गुंठ्यातच होतो. आठ बैलांचं कौतुक मात्र कुणी आम्हाला सांगू नये. दख्खनच्या काळ्या रानात सहाबैली-आठबैली लाकडी नांगर आपल्याकडेही चालत.

जवळच, नॉटिंगहॅमशायरमध्ये, लॅक्स्टन नावाचं गाव आहे. तिथे खुल्या शेतांची जुनी पद्धत आजही चालू आहे: तीन मोठी रानं, त्यांत प्रत्येकाचे पट्टे, मध्ये बांध नाहीत. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाला गावातलेच शेतकरी पंच बनून गव्हाचं रान पाहायला निघतात, हद्दीला लाकडी खुंट्या ठोकतात. कुणी रस्त्यात किंवा सामाईक गवतात नांगर घातला असेल तर गावच्या न्यायसभेत दंड होतो. रक्कम किरकोळ, पण होतो.

हे वाचून मी थक्क झालो. आपल्याकडे बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, मोजणी मागवावी लागते, पिढ्या निघून जातात. इथल्या शेजाऱ्यांना हे सांगताना मला संकोच वाटला, हे खरं आहे. पण एक गोष्ट मी त्यांना ठासून सांगितली. लॅक्स्टनची शेतं एकाच मालकाची, आधी क्राउन इस्टेटची (राजसत्तेच्या नावची मालमत्ता) आणि २०२० पासून थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीची, आणि कसणारे सगळे कुळं. आमच्याकडे १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसणारा मालक ठरला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचा बांध मिळाला. तो हातभर सरकला तर तो गप्प कसा बसेल?