आज शिकवलं फक्त सूचना वाचायला

आज तपासलेले पेपर वाटले आणि धडा मुद्दाम पुढे नेलाच नाही, अख्खा तास प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचून घेतल्या. कारण यावेळी बरेच मार्क अभ्यास कमी पडला म्हणून गेलेच नव्हते. 'कोणतेही तीन सोडवा' असं असताना एका हुशार पोरीने पाचही सोडवले, सगळे बरोबर, पण त्या नादात शेवटचा मोठा प्रश्न कोरा राहिला. विचारलं तर म्हणाली, सर वेळच पुरला नाही. इतकं वाईट वाटलं ना!

मग सगळ्यांना पेन्सिल घ्यायला लावली, म्हटलं उत्तर अजिबात लिहायचं नाही, प्रश्नात नेमकं काय करायला सांगितलंय तेवढंच अधोरेखित करा. 'कारणे द्या', 'फरक स्पष्ट करा', 'थोडक्यात लिहा'... तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज, सर मी तर कारणं सोडून नुसत्या व्याख्या लिहिल्यात! हे त्याचं त्याला सापडलं याचा खरंच खूप आनंद झाला, मी दहादा सांगून एवढं पोचलं नसतं. 'चुकीचे विधान ओळखा' मधल्या 'चुकीचे' भोवती तर गोलच करायला लावला, कारण पहिलं बरोबर विधान दिसलं की पोरं टिक करून मोकळी होतात, आणि निगेटिव्ह मार्किंग असेल तर मिळायचे मार्क जातात ते जातातच, वर आणखी कापले जातात.

आणि पालकांनो प्लीज, पेपर हातात आला की लगेच लिहायला लाग असं मुलांना सांगू नका. पहिली पाच मिनिटं वाचण्यात गेली तर जाऊ देत. पुढच्या चाचणीला मी तेवढा वेळ पेनं बाजूलाच ठेवायला लावणार आहे.