आईच्या टीव्हीसाठी घरचा सर्व्हर: माझा अनुभव

बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली भजनं, घरातल्या लग्नांच्या व्हीएचएस टेपा आणि विकत घेतलेल्या डीव्हीडी, सगळं पेनड्राइव्ह आणि लॅपटॉपांत विखुरलेलं होतं. आईला काही बघायचं तर आमच्यापैकी कुणीतरी घरी असावं लागे. तिला रिमोटवरून आपलं आपण लावता यावं, एवढ्यासाठी मी सर्व्हर, म्हणजे सगळ्या फाइली एका जागी ठेवून टीव्हीला पुरवणारं यंत्र, उभा केला.

नवं यंत्र घेतलं नाही. लॅमिंग्टन रोडला ऑफिसांतून निघालेले छोटे पीसी मिळतात. इंटेलची सातवी पिढी किंवा पुढची बघून घ्या. त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा आणि रूपांतर करणारा चिपमधला भाग) १० बिटचा एचईव्हीसी, म्हणजे जास्त दाबून साठवलेला व्हिडिओही सहज पेलतं. विजेची चिंता नको. यंत्राने सतत १० वॉट खाल्ले तरी महिन्याला जेमतेम ७ युनिट होतात. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती आधी चालू करा.

त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली, डेस्कटॉपसकट, आणि वर जेलीफिन, म्हणजे आपले व्हिडिओ आणि गाणी टीव्ही-फोनवर पुरवणारं सॉफ्टवेअर. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरचा कोड सर्वांसाठी खुला राहिला नाही तेव्हा, २०१८ च्या अखेरीस, त्यातून फुटून निघालेला हा प्रकल्प पूर्ण मोफत आहे. इन्स्टॉल पटकन झालं. ब्राउझरमध्ये त्या यंत्राचा ८०९६ पोर्ट (जेलीफिनचा दार-क्रमांक) उघडला, खातं बनवलं, फोल्डर दाखवलं. आणि लायब्ररी रिकामी!

इथे बहुतेक जण अडकतात, म्हणून सविस्तर सांगतो. डेस्कटॉपवरून जोडलेली बाहेरची डिस्क फक्त लॉगिन केलेल्या माणसाच्या नावावर उघडते. जेलीफिन मात्र स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतं, त्यामुळे त्याला आतलं काहीच दिसत नाही. उपाय असा: डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करा (फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं, आधी नक्कल काढून ठेवा), एफस्टॅब फाइलमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख-क्रमांक, देऊन ठरावीक जागी जोडा, आणि फोल्डरांना सर्वांसाठी वाचायची व आत शिरायची परवानगी द्या. एफस्टॅबच्या त्याच ओळीत नोफेल (nofail) हा पर्याय लिहायला विसरू नका. ते नसेल आणि एखाद्या दिवशी डिस्क जोडलेली नसेल, तर यंत्र सुरू होतानाच आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन बसतं. क्विक सिंकसाठी जेलीफिनला रेंडर गटात (ग्राफिक्स चिप वापरायची परवानगी असलेल्या गटात) घालावं लागतं, तेही लगेच उरका.

फाइलींची नावं मराठीत ठेवा, बिनधास्त. फक्त ईएक्सटी४मध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून ८५ चिन्हं. भजनाची पूर्ण पहिली ओळ नावात घालण्याचा मोह आवरावा लागतो. सिनेमाचं फोल्डर 'नाव (वर्ष)' असं ठेवलं की पोस्टर बहुधा बरोबर सापडतं.

पुण्याच्या बहिणीलाही ऐकायचं होतं. आमच्या ब्रॉडबँडवर स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नव्हता. टेलस्केल, म्हणजे आपल्याच यंत्रांना इंटरनेटवरून खाजगीपणे जोडणारं सॉफ्टवेअर, बसवलं, तिच्या फोनवरही टाकलं, आणि काम झालं. आयपी मिळत असता तरी मी हाच मार्ग घेतला असता. जेलीफिन थेट इंटरनेटवर उघडं ठेवणं मला पटत नाही.

सिनेमे पुन्हा मिळतील, बाबांचा आवाज मिळणार नाही. भजनांच्या फ्लॅक फाइलींची (आवाजाचा दर्जा न गमावता साठवलेल्या) दुसरी प्रत म्हणून वेगळी डिस्क बहिणीकडे ठेवली आहे. ती मुंबईला आली की आरसिंक (फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) चालवून नवीन भर घालतो.